28 मिलिमीटरचा मावळा

टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळणाऱ्या लोकांविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : हे लोक लढाया खेळत नाहीत. ते शिपाई रंगवतात. लढाई 'सगळे रंगवून झाले की' व्हायची असते, आणि सगळे कधीच रंगवून होत नाहीत, कारण निम्मे होईपर्यंत दुसऱ्या पलटणीचं पार्सल दारात येतं. दोन्ही बाजूंचं सैन्य वर्षानुवर्षं अर्ध्या कपड्यांत कपाटात पडून असतं. जगात एवढी टिकाऊ शस्त्रसंधी दुसरी नसेल.

खेळाचं मूळ मात्र अगदी गंभीर आहे. 1824 च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या एका लेफ्टनंटनं नकाशावर ठोकळे सरकवून अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्याची पद्धत मांडली, आणि सेनापतींनाही ती पटली. मग 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात मोठी माणसं फरशीवर ओणवी होऊन खेळण्यातल्या तोफेनं शिशाचे शिपाई पाडतात. पुढच्याच वर्षी युरोपातल्या राजांनी तोच खेळ खऱ्या माणसांना घेऊन सुरू केला. 1983 मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बाजूला 'वॉरहॅमर' आला आणि शिपायांच्या जोडीला राक्षस, बुटके, पुढं तर अंतराळवीरही आले. माणसाची उंची साधारण 28 मिलिमीटर ठरली. आणि मुख्य म्हणजे हा माणूस येतो तो करड्या प्लास्टिकचा, बिनरंगाचा, बऱ्याचदा हात-पाय-मुंडकं सुटं. म्हणजे पैसेही आपणच द्यायचे आणि वेठही आपणच करायची. असला सौदा पूर्वी फक्त सरकारला जमायचा.

आमच्या आतेभावाला हे दुखणं गोव्यातल्या डिचोलीत जडलं. दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजतो आणि रात्री टेबललॅम्पखाली नेपोलियनच्या शिपायांची बटणं मोजतो. आत्यानं सुरुवातीला शेजारणींना सांगितलं की मुलगा कसला तरी कोर्स करतोय. नंतर एकदा दार उघडं राहिलं. तेव्हापासून वाड्यावर एकच वाक्य फिरतं आहे : "इतलो व्हडलो जालो, बावल्यो रंगयता!"

मी पेडण्याहून त्याच्याकडे गेलो की तो मला नवी पलटण दाखवतो, आणि मी पाहुण्यानं करायचं ते करतो, म्हणजे चहा येईपर्यंत मान डोलावतो. पण ऐकता ऐकता यातली विद्या माझ्याही डोक्यात शिरली. विद्याच आहे ती.

पहिला हात अस्तराचा. प्लास्टिकवर रंग थेट धरत नाही, नखानं सुटतो. विलायतेत यासाठी फवाऱ्याचा डबा मिळतो, अंगणात उभं राहून फुस्स केलं की झालं. गोव्यात जून ते सप्टेंबर हा डबा वापरणं म्हणजे आपणहून दंड भरणं. हवेतल्या दमटपणानं फवारा वाटेतच बिघडतो आणि शिपायाच्या अंगावर पांढुरकी खर धरते. भावाच्या फ्रेंच गार्डांची एक तुकडी अशी जुलैत फवारली गेली. ती डिचोलीत बसल्या जागी रशियाच्या बर्फातून परतल्याची दिसते. तेव्हापासून तो पावसाळ्यात अस्तर ब्रशनं देतो.

तीच गत ओल्या पॅलेटची. डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्या कागदावर रंग. असं केलं की रंग तासन्‌तास वाळत नाही. ही युक्ती कोरड्या हवेच्या देशांत शोधली गेली असणार हे उघड आहे. आमच्याकडे आषाढात रंग बशीत ठेवा, खिडकीत ठेवा नाही तर कपाटात ठेवा, तो ओलाच असतो. इथली खटपट वाळवण्याची. आत्याच्या घरात पावसाळ्यात एकच टेबलफॅन, आणि त्याच्यापुढं एका बाजूला तिच्या साड्या, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश घोडदळ.

अस्तरानंतर रंगाचे दोन हात, दोन्ही पातळ. या धर्मातला हा मूलमंत्र. रंग सोलकढीहून दाट दिसला तर पाणी घालायचं. पहिला हात दिला की शिपाई केविलवाणा दिसतो, खालचं अस्तर डोकावतं, आणि तिथंच नवशिक्याचा धीर सुटतो. तो म्हणतो, एकच जाड हात देऊन मोकळं होऊ. मग मिशी गेली, पागोट्याचे पीळ गेले, बोटं गेली. उरतो तो रंगाचा गोळा, हातात बंदूक घेतलेला. घर रंगवणारे आमचे पेंटरही दोनच हात सांगतात, पण त्यातला एक बिलात असतो.

ब्रशाविषयी स्वतंत्र पुराण आहे. नवशिका दुकानात जाऊन सगळ्यात बारीक ब्रश मागतो, तीन शून्यांचा. शिपाई बारीक, तर ब्रशही बारीकच नको का? नको. त्या चार केसांत रंग मावतो केवढा? शिपायापर्यंत पोचायच्या आत तो टोकावरच वाळतो. जाणकार एक किंवा दोन नंबरचा ब्रश वापरतो; पोट भरलेलं आणि टोक सुईचं. यातला राजा मानतात तो विन्सर अँड न्यूटनचा सीरिज सेव्हन. 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी तो घडवला, आणि राणीला सात नंबरचा ब्रश आवडायचा म्हणून मालिकेचं नाव सेव्हन. त्यात सायबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. आपल्याकडे पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास मिळायचे. आता वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि ते बरंच झालं. उरले नायलॉनचे. त्यांचं टोक महिन्याभरात एका बाजूला वळतं आणि मग लाल पट्टा शेजारच्या शिपायाच्या पँटला लागतो.

आणि हे टोक नीट राहावं म्हणून हे लोक ब्रश ओठांत धरून चाटतात. जगभर चाटतात, तज्ज्ञही चाटतात, चाटू नका असं दुसऱ्याला सांगून चाटतात. आत्याला बाहुल्या एक वेळ चालल्या, पण "उष्टा ब्रश परत रंगात बुडवतोस?" यावर तिनं जेवण थांबवलं होतं.

पुढं येतो 'वॉश'. काळपट रंगाचं पाणी शिपायावर ओतायचं. ते आपोआप घड्यांत, बगलेत, पट्ट्याखाली जाऊन बसतं आणि सावल्या तयार होतात. काही न येणाऱ्या माणसाचं कामही यामुळं बरं दिसतं, म्हणून छंदवाले या पाण्याला थट्टेनं बाटलीतलं कौशल्य म्हणतात. त्याच्या नेमका उलटा प्रकार सुक्या ब्रशाचा. ब्रशाला फिका रंग लावायचा, मग तो जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा, आणि उरलेल्या नसल्यासारख्या रंगानं शिपायाच्या अंगावरून ब्रश झटकायचा. उंचवटे तेवढे उजळतात. पुसायला भाऊ वर्तमानपत्र घेतो, आणि गोव्याच्या वर्तमानपत्रात सगळ्यात मोठी जागा श्रद्धांजलीची. त्यामुळं आत्याच्या रद्दीत वाड्यावाड्यांतली दिवंगत मंडळी सोनेरी मिशांची आणि पोलादी गालांची झाली आहेत.

पण सावली रंगवायची कशाला? लॅम्प आहे, शिपाई आहे, सावली आपली आपण पडेल. हा प्रश्न मी विचारला, आणि या छंदातला खरा रस मला तिथं सापडला. बोटभर माणसावर सावली पुरेशी पडतच नाही. खऱ्या माणसाच्या कपाळाची सावली डोळ्यांवर पडते, हनुवटीची गळ्यावर पडते. 28 मिलिमीटरच्या माणसाला कपाळ ते किती आणि त्याची सावली ती किती! चारी बाजूंनी उजेड त्याला गिळून टाकतो. म्हणून सूर्याचं काम रंगाऱ्यानं करायचं : खाचेत काळोख घालायचा, कडेवर ऊन घालायचं, आणि दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त घालायचं. काही जण तर आधी सगळा शिपाई काळा करतात आणि मग नेमका डोक्यावरून पांढरा फवारा मारतात, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य कुठं कुठं पोचतो ते अंगावरच उमटतं.

हे ऐकून मला आठवला तो दशावतार.

पेडण्यात जत्रा म्हटली की देवळापुढं रात्री दशावतारी नाटक. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशी मंडळं सिंधुदुर्गातून खाली उतरतात, पेटारा उघडतात आणि प्रत्येक नट आपलं तोंड आपण रंगवतो. रंगपटात जवळून बघा, भीती वाटते. गाल लालभडक, भुवया कानाकडे निघालेल्या, डोळ्यांखाली काजळाची जाड रेघ, नाकावर उभा पांढरा पट्टा. तुम्ही म्हणाल, काय हा भडकपणा! मग मागं जा. खाजेवाल्याच्या दुकानापाशी उभं राहून बघा. आता नाक धारदार आहे, नजर तलवारीची आहे, आणि राजा राजा दिसतो.

मी हिशोब केला. पाच फूट सात इंची नट 28 मिलिमीटरच्या शिपायाच्या साठपट उंच. म्हणजे फूटभर अंतरावर धरलेला शिपाई डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढाच साठ फुटांवरचा नट दिसतो. मागच्या रांगेतल्या पेडणेकराला राजा नेमका 28 मिलिमीटरचाच पोचतो! नाकावरचा पांढरा पट्टा म्हणजे छंदवाल्यांचं कड उजळणं, आणि गालफडाखालचा काळसर हात म्हणजे वॉश. गॅसबत्तीच्या जमान्यात तर उजेड खालून-वरून कसाही यायचा, त्यामुळं नटानं आपली सावली घरून घेऊन यायची एवढाच उपाय होता. एका बाजूला नॉटिंगहॅम, दुसऱ्या बाजूला धयकाल्याची, म्हणजे दशावताराची रात्र. दोघांनाही कुणी कुणाचं शिकवलेलं नाही.

हे मी वाड्यावरच्या एका जाणत्या गृहस्थांना सांगितलं आणि पस्तावलो. त्यांना फक्त 'आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे' एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी लगेच सावंतवाडीची गंजिफा काढली : दशावताराचा 120 पत्त्यांचा संच, प्रत्येक गोल पत्त्यावर चिताऱ्यांनी हातानं काढलेली चित्रं. तिथून ते बुद्धिबळावर गेले, चतुरंगावर गेले, आणि शेवटी राइसवित्झनं आपलाच खेळ नेला असा निकाल दिला. गंजिफा खरी आहे, सुंदरही आहे. पण ज्यांच्या घरात गंजिफाचा एकही पत्ता नाही त्यांनाच तिचा एवढा अभिमान का असतो, हे मला कळलेलं नाही.

खरी परीक्षा डोळ्यांची. मोहरीचा दाणाही जिथं मावणार नाही तिथं पांढरा डोळा आणि त्यात बुबुळाचा काळा ठिपका. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपर टेबलावर, श्वास रोखायचा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ठिपका टाकायचा. पहिला डोळा नेहमी उत्तम येतो. दुसरा त्याच्याशी जुळत नाही. भावाचा एक हवालदार आहे, त्याचा एक डोळा मोपाच्या विमानतळावर आणि दुसरा डिचोलीच्या बाजारात. यावर जाणकारांनी काढलेली पळवाट अशी की शिपायाला समोर बघायलाच लावू नये. दोन्ही बुबुळं एका कोपऱ्यात सरकवली की चूक लपते. त्यामुळं होतं असं, की शत्रू समोरून चालून येतोय आणि सगळी पलटण डावीकडे बघतेय.

अखेर मी भावाला मयेच्या वाटेवरच्या एका चित्रशाळेत घेऊन गेलो. चवथ जवळ आली होती. ओळीनं चिकणमातीचे गणपती, कुणी अजून ओले, कुणाला पांढरा हात दिलेला, आणि भिंतीशी लोकांनी आणून दिलेले पाट, प्रत्येकावर खडूनं नाव. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसला बंदी, सगळं काम मातीत, आणि माती म्हणजे पुन्हा वाळवण्याचं संकट. तिथंही पंखे, तिथंही बल्ब. भावाला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

म्हाताऱ्या मूर्तिकारांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मावळा बोटांत धरला. या वेळी भावानं मराठ्यांची तुकडी घेतली होती. आधी त्यांनी मावळ्याच्या पायाखालची गोल चकती बघितली. "पाट बरा केलाय," म्हणाले. मग डोळे बघितले आणि काही बोलले नाहीत. हे वाईट लक्षण.

"काका, डोळे जमत नाहीत," भाऊ म्हणाला.

"बाबा, रेखणी पयली करिनात. मागीर करतात. घर सगळें न्हिदल्यार."

मग ते समजावत गेले. सगळं अंग, पितांबर, दागिने, सोनेरी काम झालं की मगच डोळे, आणि तेही एकाच हातानं, एका बैठकीत. मुलांना बाहेर काढून, रेडिओ बंद करून. गणपतीची नजर पाटासमोर बसणाऱ्याच्या नजरेला मिळाली पाहिजे, दोन्ही डोळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं पाहिजे. भावानं विचारलं, पण एवढ्या लहानात? म्हाताऱ्यांनी मावळा हातभर लांब धरला. "हांगासून दोळे दिसतात?" दिसत नव्हते. "जाल्यार मारतात कित्याक? भिंवयेपोंदा काळोख घाल. लोक दोळे आपलेच घालतले."

घरी येऊन त्यानं पुढच्या दहाबारा मावळ्यांच्या भुवयांखाली नुसती एक गडद रेघ ओढली. खरंच, ते बघतात असं वाटतं. पहिल्या हवालदाराची बदली कपाटाच्या मागच्या रांगेत झाली.

आता जमिनीचं. शिपायाच्या पाटावर माती, दगड, गवत करावं लागतं आणि त्यासाठी परदेशी कंपन्या डब्या विकतात. त्यातली एक 'मार्शियन आयर्नअर्थ', म्हणजे मंगळावरची तांबडी, भेगाळलेली जमीन. भावानं ती टपालानं मागवली. कुठं? डिचोलीत! जिथं लोहखनिजाचे ट्रक वर्षानुवर्षं धावले, जिथं माडाची झावळी हिरवी असते हे मुलांना पावसाळ्यात कळायचं, जिथं वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी भगवा होऊन आत यायचा. मंगळ लाल आहे तो लोहाच्या गंजामुळं आणि डिचोलीही त्याच कारणानं लाल. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा बंद पडल्या. पण गटारालगत बसलेली धूळ अजून दोन पिढ्यांच्या छंदाला पुरेल. जुना तोफगाडा, गंजलेलं चिलखत, धुळीचे बूट या कामाला छंदवाले 'वेदरिंग' म्हणतात आणि त्यासाठी शिंपलीएवढ्या डबीत पावडर विकत घेतात. आत्यानं ती डबी उघडून बघितली, किंमत विचारली आणि खिडकीच्या गजावरून एक बोट फिरवून त्याच्यापुढं धरलं. हल्ली तो फेविकॉल आणि गज वापरतो.

राहता राहिली दिवाळी. पेडणे-डिचोलीत दिवाळीला नरकासुर तर असतोच, पण किल्लेही होतात, आणि मावळा उभा राहायचा तर खरी जागा तीच. अडचण मापाची. बाजारातले महाराज वीतभर, मावळे बोटभर, आणि किल्ला दीड फुटाचा. त्यात पायथ्याशी वाघ, तो महाराजांच्या सिंहासनाएवढा. शेजारी प्लास्टिकचे जवान मशीनगन घेऊन, आणि बुरुजाआड उरलेला क्रिकेटर. हे मला आवडतं, यात काहीही बदलू नये. पण साठपटीचा आजार झालेल्या माणसाला ते बघवत नाही. भावानं मुलांना समजावलं की रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंच, म्हणजे 28 मिलिमीटरच्या मावळ्यासाठी तो साडेतेरा मीटरचा, चार मजली इमारतीएवढा बांधायला हवा. मुलं क्षणभर विचार करून म्हणाली, "चिखल कोण हाडटलो?"

आणि मावळे आणायचे कुठून? विलायती कंपन्यांच्या याद्यांत मराठे सापडतात ते बहुधा 1803 च्या असईच्या लढाईतले, म्हणजे इंग्रज सेनापती वेलस्लीकडून हरायला घडवलेले. त्यांच्याकडे गोव्यातला 1683 चा मराठा नाही, जेव्हा संभाजी महाराजांनी पोर्तुगिजांना फोंड्यावरून माघारी लोटलं आणि जुवें बेट घेतलं. तेव्हा असईचाच शिपाई घ्यावा, पागोटं जरा बदलावं, आणि बंडीचा रंग हवा तो द्यावा. एकसारखा गणवेश नसल्यामुळं बटणं मोजणारा कुणी येऊन चूक काढू शकत नाही. रंगाऱ्याला एवढी मोकळीक देणारं सैन्य मराठ्यांचंच.

म्हणून पेडण्याच्या मुलांना माझी एक विनंती. रायगड, प्रतापगड झाले, जंजिराही झाला. यंदा हळर्ण बांधा. आपल्याच तालुक्यात, शापोरा नदीच्या काठावर, चिऱ्याचा, बसका किल्ला. चार मीटरचा तट धरलात तर साडेसहा सेंटिमीटरमध्ये काम भागतं आणि चिखलाची एकच घमेली लागते. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं तो सावंतवाडीच्या सावंतांकडून जिंकला, तर लिस्बनच्या राजाला एवढा आनंद झाला की त्यानं व्हाइसरॉयला 'मार्केस दि आलोर्ना' ही पदवीच देऊन टाकली. तेरेखोल घेऊ नका. तो त्याच वर्षी पडला खरा, पण आता तिथं हॉटेल आहे आणि मापात करायचं तर वेटर रंगवावे लागतील. मावळ्यांना अस्तर मात्र पाऊस उघडला की लगेच द्या. आणि हात दोन, दोन्ही पातळ.